प्रेसनोटचं पहिलं वाक्य

मुलाखतीला गेले तेव्हा मला कुणी फारसं काही विचारलंच नाही. पाण्याच्या फिल्टरची एक इंग्रजी प्रेसनोट हातात दिली, ४० मिनिटं दिली आणि सांगितलं, याचं मराठी करा. मी शब्दाला शब्द लावत गेले. ‘या क्षेत्रातील अग्रगण्य कंपनीला हे जाहीर करताना अत्यंत आनंद होत आहे की’ अशी सुरुवात केली. समोरच्या ताईंनी कागद वाचला, मान डोलावली आणि सोमवारपासून या म्हणाल्या. त्या वाक्यात काही चुकलंय असं तेव्हा त्यांनाही वाटलं नाही आणि मलाही नाही.

मी बीएएमएमसीच्या, म्हणजे मल्टिमीडिया आणि मास कम्युनिकेशनच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली होती, मराठी माध्यमातून. घर कराडला, कॉलेज ठाण्यात, राहायला डोंबिवलीत मावशीकडे. उन्हाळ्याच्या सुट्टीत जनसंपर्काची इंटर्नशिप करायची ठरवून मी ४१ ठिकाणी मेल पाठवले होते. उत्तरं आली सहा. त्यातल्या तिघांकडे जागा नव्हती. एका ठिकाणी तर मलाच पैसे भरायला सांगितले, बदल्यात सर्टिफिकेट देऊ म्हणाले. असं कुणी सांगितलं तर तिथून सरळ उठून यावं. शिकायला जाणाऱ्या मुलांकडून पैसे घेणं मला आजही पटत नाही. लोअर परळच्या ज्या एजन्सीत मी गेले तिथं भरायचं काही नव्हतं, पण मिळायचंही काही नव्हतं. आठ आठवडे बिनपगारी. विद्यार्थी सवलतीचा रेल्वे पास घर ते कॉलेज एवढाच मिळतो, त्यामुळे करी रोडपर्यंतचा पूर्ण दराचा पास काढावा लागला. दुपारच्या जेवणाचा डबा मावशी द्यायची. ती नसती तर हे आठ आठवडे मला परवडलेच नसते. माझ्या वर्गातल्या दोन मुली केवळ एवढ्यासाठी इंटर्नशिपला जाऊ शकल्या नाहीत, आणि त्या दोघी माझ्यापेक्षा चांगलं लिहितात.

ऑफिसात सगळे एकमेकांना नावानं हाक मारायचे. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. माझ्या मॅनेजरना मी ताईच म्हणत राहिले, आणि त्यांनी ते चालवून घेतलं.

दिवस सुरू व्हायचा साडेआठला, पेपरांच्या गठ्ठ्यानं. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी. कराडला आमच्या घरी एकच पेपर यायचा आणि तो दिवसभर पुरायचा. इथं मला तासाभरात सगळे चाळून क्लायंटचं नाव, त्याच्या स्पर्धकांचं नाव आणि त्या धंद्यातली मोठी बातमी शोधून काढायची होती. शहराबाहेरच्या आवृत्त्या ई-पेपरवर बघायच्या. एकाच दैनिकाची कोल्हापूर आवृत्ती, नाशिक आवृत्ती आणि मुंबई आवृत्ती किती वेगळी असते हे मला पहिल्या आठवड्यात कळलं. मुंबईत पान एकवर असलेली गोष्ट तिकडे नसतेच, आणि तिकडच्या पान एकवरची इकडे कुणाला माहीतही नसते.

बातमी लागली असेल तर कात्रण स्कॅन करायचं, वर पेपरचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक टाकायचा आणि पट्टीनं मोजायचं. किती कॉलम, किती सेंटीमीटर. मग तेवढ्याच जागेच्या जाहिरातीचा दर काढायचा आणि आलेल्या रकमेला तीननं गुणायचं. जाहिरातीपेक्षा बातमीवर लोक जास्त विश्वास ठेवतात म्हणून तीनपट, असं मला सांगण्यात आलं. तीनच का, दोन किंवा पाच का नाही, या प्रश्नाला ‘पद्धत आहे’ एवढंच उत्तर होतं. महिन्याच्या शेवटी या आकड्यांची बेरीज क्लायंटला जायची.

एकदा एका पेपरातल्या वाचकांच्या पत्रांत आमच्या क्लायंटच्या सेवेबद्दल तक्रार आली होती. एका निवृत्त गृहस्थांनी लिहिलेलं, सभ्य भाषेतलं पत्र. मी ते बाजूला काढून ठेवलं. संध्याकाळी बघते तर तेही तक्त्यात चढलं होतं, लांबी-रुंदी आणि गुणिले तीन धरून. मी विचारलं, तर नाव छापून आलंय ना, असं म्हणाले. त्या रात्री मी कॉलेजच्या नोट्स काढल्या. २०१० साली बार्सिलोनात जनसंपर्काचं मोजमाप करणाऱ्या लोकांनी एकत्र येऊन काही तत्त्वं ठरवली, आणि त्यांतलं एक स्पष्ट होतं: जाहिरातीच्या दरावरून काढलेला आकडा म्हणजे जनसंपर्काचं मोल नव्हे. परीक्षेत मी हे लिहून मार्क मिळवले होते. ऑफिसात मात्र पट्टी रोज टेबलावर असायची.

तिसऱ्या आठवड्यात इचलकरंजीची नोट आली. एका गृहकर्ज कंपनीची तिथं शाखा निघणार होती. इंग्रजी नोटेत कंपनीनं पश्चिम महाराष्ट्रात आपल्या पाऊलखुणा विस्तारल्या होत्या. भाषांतर करणाऱ्या बाहेरच्या माणसानं ते तसंच्या तसं मराठीत उतरवलं होतं. मला ती फक्त तपासून सगळ्या पत्रकारांना पाठवायची होती.

इथं माझ्या हातून मोठी चूक झाली. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या मिळून १६० पत्रकारांचे ईमेल पत्ते मी ‘बीसीसी’ऐवजी ‘टू’च्या रकान्यात टाकले आणि मेल पाठवून दिला. म्हणजे प्रत्येकाला बाकीच्या १५९ जणांचे पत्ते दिसले. मीडिया लिस्ट ही एजन्सीची खरी मिळकत असते. कोण कुठल्या बीटवर, म्हणजे कुठल्या विषयाच्या बातम्यांवर आहे, कुणाला दुपारी फोन केलेला चालतो, कुणाला व्हॉट्सअ‍ॅपच हवं, हे वर्षानुवर्षं जमवलेलं असतं. पत्रकारांच्या बाजूनं बघितलं तर त्यांचे खासगी पत्ते मी चव्हाट्यावर मांडले होते. दहा मिनिटांत पहिलं रागाचं उत्तर आलं. मग आणखी. मला रडू फुटलं.

ताईंनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, “आता मेलवर मेल नको. फोन लाव. एकेकाला. स्वतःचं नाव सांग, चूक माझी आहे म्हण, आणि फोन ठेव.” दोन दिवस मी तेच केलं. बहुतेकांनी ‘ठीक आहे’ म्हणून विषय संपवला. काहींनी फोन उचलला नाही. मी संध्याकाळी साडेसहाला फोन केला तेव्हा एकजण खरोखर चिडले, आणि त्यांचं बरोबर होतं. ती वेळ बातम्या द्यायची असते, जिल्ह्याच्या आवृत्त्या मुंबईच्या आधी छपाईला जातात. प्रेसनोट द्यायची तर दुपारी चारच्या आत, हे मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं.

एक ज्येष्ठ पत्रकार मात्र बोलत राहिले. मी कराडची आहे हे कळल्यावर तर सविस्तरच बोलले. “पत्त्यांचं सोडा हो,” ते म्हणाले, “ती नोट तुम्ही स्वतः वाचलीत का? कॉलेजात सहा ककार शिकवले असतील ना? कोण, काय, कधी, कुठं, का, कसं. तुमच्या नोटेत पहिला ककार नेहमी ‘कोण’, आणि तो ‘कोण’ म्हणजे कंपनी. मग कंपनीचे एमडी, मग त्यांचा आनंद. आमच्या वाचकाचा नंबर कधी लागायचा? इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाला विचारा, त्याला बँक कर्ज का देत नाही. पगाराची पावती नसते त्याच्याकडे. तुमची कंपनी त्याला देणार आहे का? देणार असेल तर बातमी आहे. नसेल तर जाहिरात द्या.”

मी नोट पुन्हा वाचली. चौथ्या परिच्छेदात, शाखांची संख्या आणि मुख्य अधिकाऱ्यांचं लांबलचक वक्तव्य यांच्या खाली, एक वाक्य होतं: ज्यांच्या उत्पन्नाचा कागदोपत्री पुरावा नाही अशांचे अर्जही घरी जाऊन, कामाची पाहणी करून तपासले जातील. बातमी तिथं होती.

त्या रात्री मी भाषांतर बाजूला ठेवून नोट मुळापासून मराठीत लिहिली. ‘पगाराची पावती नाही म्हणून गृहकर्ज नाकारलं गेलेल्या यंत्रमाग कामगारांना आता अर्ज करता येईल’ असं पहिलं वाक्य केलं. ताईंना आवडलं. मग ती मंजुरीसाठी फिरायला लागली. क्लायंटच्या मार्केटिंग विभागाला कंपनीचं नाव पहिल्या चार शब्दांत हवं होतं. कायदेविषयक विभागानं ‘कर्ज मिळेल’ असा अर्थ निघायला नको म्हणून ‘अर्जाचा विचार होऊ शकेल’ असं सुचवलं, आणि ते त्यांचं रास्त होतं. खोटी आशा लावायची नाही हे मलाही पटलं. मार्केटिंगचं मात्र पटलं नाही. चार दिवस मेल इकडून तिकडे गेले. शेवटी नाव दुसऱ्या वाक्यात गेलं, एमडींचं वक्तव्य दोन ओळींवर आलं. दोन स्थानिक दैनिकांनी माझं पहिलं वाक्य जवळजवळ तसंच छापलं. मी पट्टीनं मोजलं, कारण मोजायचंच होतं.

त्या उन्हाळ्यात बाकी ज्या गोष्टी शिकले त्या बारीकसारीक आहेत, पण कुठल्याच पुस्तकात मला सापडल्या नव्हत्या. पीडीएफ पाठवू नये, मजकूर नीट उचलता येत नाही. युनिकोडमध्ये पाठवावं, पण समोरच्या डेस्कवर श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट असतील तर बदलताना जोडाक्षरं फुटतात, म्हणून गावांची आणि माणसांची नावं फोनवर पुन्हा सांगावीत. फोटोखाली ‘डावीकडून’ असं लिहून सगळ्यांची नावं क्रमानं द्यावीत. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला कार्यक्रम ठेवणाऱ्या क्लायंटला आधीच सांगावं की दुसऱ्या दिवशी बहुतेक मराठी पेपर निघत नाहीत. आणि ‘बातमी लागली का?’ असं विचारायला पत्रकाराला कधीही फोन करू नये. सकाळी उठून पेपर बघावा.

दुसरी इंटर्नशिप मी मागितली नव्हती. तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये घरी गेले होते, तेव्हा आजीला मोतीबिंदूच्या तपासणीला आमच्याच भागातल्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयात नेलं. तिथल्या फलकावर नेत्रदान पंधरवड्याची सूचना होती. हा पंधरवडा देशभर दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर पाळतात. खाली दिलेली प्रेसनोट मी सवयीनं वाचली. पहिलं वाक्य संस्थेच्या अध्यक्षांबद्दल होतं, दुसरं प्रमुख पाहुण्यांबद्दल, तिसरं दीपप्रज्वलनाबद्दल. डॉक्टर मॅडमना मी विचारलं, पंधरा दिवस मी तुमच्या नोटा लिहू का? त्या म्हणाल्या, पैसे देता येणार नाहीत, पण एसटीचं भाडं आणि जेवण देऊ. मला चाललं. घरून जाऊन येऊन करायचं होतं.

पहिले दोन दिवस मी काहीच लिहिलं नाही. नेत्रपेढीच्या समुपदेशक ताईंच्या शेजारी बसून फोन ऐकले. लोक काय विचारतात ते वहीत उतरवलं. चष्मा होता, चालेल का? मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. साखरेचा त्रास होता. वय ८५ आहे. चेहरा विद्रूप दिसेल का? पुढच्या जन्मी आंधळा होईल म्हणतात. या सगळ्यांना ताईंची ठरलेली उत्तरं होती, आणि ती ऐकून मला वाटलं, हीच तर बातमी आहे. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेह, रक्तदाब यांमुळे नेत्रदान अडत नाही. वयाची अट नाही. पूर्वी अर्ज भरला नसला तरी नातेवाईक संमती देऊ शकतात. पथक घरी येतं, वीसेक मिनिटांत काम होतं, चेहरा तसाच राहतो. एका माणसाच्या नेत्रदानानं दोघांना दिसू शकतं. फक्त मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात, आणि ते सहा तास घरच्यांच्या हातात असतात.

तेवढ्या वेळात घरच्यांनी काय करायचं, हेच कुणाला माहीत नव्हतं. पंखा बंद करायचा, कारण वाऱ्यानं बुबुळ कोरडं पडतं. पापण्या मिटायच्या, वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या. डोकं उशीवर थोडं उंच ठेवायचं. आणि ताबडतोब फोन करायचा. माझ्या नोटेचं पहिलं वाक्य हेच झालं: ‘घरात कुणी गेल्यावर नेत्रदान करायचं असेल तर आधी पंखा बंद करा.’ अध्यक्षांचं नाव शेवटच्या परिच्छेदात गेलं. ते त्यांनी आनंदानं मान्य केलं, हे मला इथं मुद्दाम लिहायचंय.

अडचण आली ती वेगळ्याच ठिकाणी. दान मिळालेला प्रत्येक डोळा प्रत्यारोपणाला वापरता येतोच असं नाही. तपासणीत कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पुरेसा चांगला निघाला नाही, किंवा रक्तात काही संसर्ग आढळला, तर तो वापरत नाहीत. काही वेळा संशोधनाला किंवा डॉक्टरांच्या प्रशिक्षणाला देतात. मला हे नोटेत हवं होतं. मॅडमना नको होतं. “आधीच लोक कचरतात,” त्या म्हणाल्या, “त्यात हे वाचलं तर कोण देणार?” त्यांची काळजी खोटी नव्हती. मी त्यांना वर्गात शिकलेली गोष्ट सांगितली. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीत रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात कोसळली, पन्नासहून जास्त माणसं गेली. तोवर रेल्वे कंपन्या अपघात झाला की पत्रकारांना लांब ठेवत. आयव्ही ली नावाच्या त्यांच्या प्रसिद्धी सल्लागारानं उलट केलं: कंपनीनं स्वतःच निवेदन काढायचं आणि पत्रकारांना अपघाताच्या जागी न्यायचं. आज आपण जिला प्रेसनोट म्हणतो तिची सुरुवात बरेचजण तिथं मानतात. मी म्हटलं, “मॅडम, नंतर कुणाला तरी बाहेरून कळणारच की आईचे डोळे वापरले गेले नाहीत. मग त्या गावातून पुन्हा फोन येणार नाही. आपणच आधी सांगू.” त्यांनी एक दिवस विचार केला आणि ते वाक्य ठेवायला सांगितलं. शब्द त्यांनी स्वतः बदलून घेतले, अधिक सोपे आणि अधिक अचूक केले.

नोट मी ११ ठिकाणी पाठवली. यावेळी प्रत्येकाला वेगळा मेल केला, दुपारी तीनला. लोअर परळच्या चुकीनंतर ज्यांनी मला ककार समजावून सांगितले होते त्यांनाही फोन केला. त्यांनी नोट वाचली आणि म्हणाले, “आता कशी सरळ बोलतेय.” त्यांच्या पेपरात ती आत, एका कॉलमात, ९ सेंटीमीटर लागली. फोटो नाही. पण पंखा, कापूस, उशी, रुग्णालयाचा फोन नंबर आणि ते न वापरलेल्या डोळ्यांचं वाक्य, सगळं होतं. एजन्सीच्या तक्त्यात या कात्रणाला जवळपास काहीच किंमत आली नसती.

बातमी लागल्यावर पाचव्या दिवशी सकाळी गेले तर समुपदेशक ताई रात्रभर जागलेल्या दिसत होत्या. पहाटे अडीचला डोंगराकडच्या एका गावातून फोन आला होता. मुलगा बोलत होता. “आई गेली. पंखा बंद केलाय. डोळ्यांवर ओला कापूस ठेवलाय, उशी दिलीय. आता पुढं काय करायचं ते सांगा.” ताई म्हणाल्या, इतक्या वर्षांत पहिल्याच फोनवर असं कुणी सांगितलं नव्हतं, एरवी पंखा बंद करा हे समजावण्यातच पाच मिनिटं जातात. पथक सव्वाचारला पोचलं. घर भरलेलं होतं, पण खोलीत शांतता होती. नोंदवहीत ‘माहिती कोठून मिळाली’ असा एक रकाना आहे. त्यात ताईंनी लिहिलं होतं: पेपर. त्या मुलानं त्यांना सांगितलं, बातमी आईनंच वाचली होती आणि कात्रण कालनिर्णयच्या खिळ्याला टोचून ठेवलं होतं.

पंधरवडा संपला, मी ठाण्याला परतायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला गेले. ताई त्या घरी कळवायला फोन लावत होत्या. एक कॉर्निया बसवला होता, ज्याला बसवला त्याचं नाव सांगत नाहीत. दुसरा तपासणीत बाद झाला होता, तो प्रशिक्षणाला दिला. हे सांगताना ताईंचा आवाज थोडा अडखळला. त्यांनी स्पीकर सुरू ठेवला होता म्हणून मला पलीकडचं ऐकू आलं.

“हो ताई,” मुलगा म्हणाला, “बातमीत लिहिलं होतं तसंच झालं म्हणायचं.”